स्वच्छ विजेचा खोका

माझा धंदा ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा. तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, त्यात लोखंडी पत्र्या ठासायच्या, वॉर्निशमध्ये बुडवायचं आणि भट्टीत वाळवायचं. पस्तीस वर्षं हेच करतोय. पाच-दहा वेढे इकडचे तिकडे झाले तर कुणाला कळत नाही. पन्नास झाले तर गिऱ्हाईक परत येतं आणि भाऊबंदकी असल्यासारखं भांडतं. वेढे मोजताना कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, न मोजतानाही फिरतं. असेल.

गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्याकडे एक नवीनच जमात यायला लागली. घरी गाणं ऐकणारे हौशी. यांच्याकडे माणसाच्या उंचीचे स्पीकर असतात, आणि तरी जिवाला स्वस्थता नसते, कारण भिंतीतून येणारी वीज मळकी आहे असा त्यांना संशय असतो. मग मी त्यांना स्वच्छ विजेचा खोका करून देतो. बाजारात त्याला पॉवर कंडिशनर म्हणतात. मी खोका म्हणतो, कारण शेवटी तो खोकाच असतो.

कुणी विचारलं की याने आवाज सुधारतो का, तर मी खरं तेच सांगतो. अँप्लिफायरच्या पोटात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, आलेली वीज गाळून घ्यायची सोय असते. घरातली वीज बरी असेल तर माझा खोका मध्ये नुसता बसून राहतो. वीज फारच खालीवर होत असेल, किंवा त्याच तारेवर कुणाची मोटर चालत असेल, तर उपयोग होतो. आणि खोका लहान पडला तर चक्क नुकसान होतं. गाण्यात जोरकस ठोका आला की अँप्लिफायर एकदम भरपूर वीज मागतो आणि खोका म्हणतो, थांब जरा. ठोका येतो, पण बसका येतो. इतकं सगळं सांगून झालं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, "ते ठीक आहे, कधी देताय?"

दातांचे एक डॉक्टर होते. खोका बसवल्यापासून गाणं किती ऐसपैस झालंय, हे ते तीन महिने मला फोन करून सांगत होते. एकदा त्यांच्या घरी गेलो, तर खोक्याच्या मागचं बटण 'थेट'वर. म्हणजे वीज भिंतीतून निघून, खोक्याला वळसा घालून, सरळ अँप्लिफायरमध्ये. हे बटण मी प्रत्येक खोक्याला ठेवतो, खोका बिघडला तरी गाणं अडू नये म्हणून. मी गुपचूप बटण 'गाळून'वर केलं, चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन, "अहो, काहीतरी बिघडलंय." तेव्हापासून आवाजाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणतो आणि पत्र्या मोजत राहतो.

हे सगळं सांगायचं कारण माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. छापखान्यात मशीन चालवायचे. चौतीस वर्षं एकच छापखाना आणि चौतीस वर्षांत दोनच मशीनं. पहिलं भंगारात गेलं तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नव्हते, असं ताई सांगते. ताई त्याच छापखान्यात बांधणी खात्यात होती. भावजी छापायचे, ती दुमडायची. छापलेल्या तावांचे फर्मे दुमडता दुमडता जमलं, आणि घरच्यांना कळेपर्यंत दोघांनी भाड्याची जागासुद्धा बघून ठेवली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बोळकंडी. आजही तिथेच राहतात.

छापखान्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. चांगला मशीनवाला मशीनकडे बघत नाही. शाई जुळवली, कागद लागला, की तो मशीनकडे पाठ करून स्टुलावर बसतो आणि पेपर वाचतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा समोरून मालक येत होता. मला वाटलं, संपली भावजींची नोकरी. मालक नुसता शेजारून निघून गेला. थोड्या वेळाने भावजींनी पेपर खाली ठेवला, उठून मशीन थांबवलं, चुरगळलेला एक कागद रोलरमधून ओढून काढला, मशीन चालू केलं आणि परत येऊन तीच बातमी पुढे वाचायला लागले. मला आवाजात तसूभरही फरक कळला नव्हता.

"बघत बसलं की डोळे थकतात," ते म्हणाले. "कानाला दुसरं काम नसतं. त्याला लावून द्यायचं."

दिवसभर एवढ्या गदारोळात काढलेल्या माणसाने घरी येऊन शांत बसावं की नाही? भावजी घरी येऊन व्हायोलिन ऐकायचे. अँप्लिफायर जुना घेतलेला. छापखान्यात मशीनचे सुटे भाग ज्या पेट्यांतून यायचे, त्या पेट्यांच्या लाकडाचे स्पीकर स्वतः ठोकलेले. एकावर अजून 'ही बाजू वर' असं लिहिलेलं आहे आणि ती बाजू खाली आहे. दोनेकशे रेकॉर्ड. प्रत्येक रेकॉर्ड ते धूळ पुसून लावायचे आणि मग खुर्चीत टेकून डोळे मिटायचे. ताईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण भाजी निवडायचं निमित्त करून ती समोर येऊन बसायची. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायला तिला आवडायचं. हे तिने मला सांगितलंय, त्यांना कधी नाही.

मग ताईच्या छातीने असहकार पुकारला. कागदाची धूळ म्हणा, नशीब म्हणा. डॉक्टर दोन्हीला मिळून एकच लांबलचक नाव देतात. आधी जिना बंद झाला, मग बाजार, मग स्वयंपाकघर. दोन वर्षांपूर्वी ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. पलंगाशेजारच्या छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, मागे हवा ओढायची जाळी. ते दिवसरात्र घुमत असतं आणि त्यातून निघालेली पारदर्शक नळी ताईच्या नाकाशी.

भावजी पाच वाजता उठतात. मशीनच्या बाटलीतलं पाणी बदलतात. वाफ देतात. ताईला आधार देऊन न्हाणीघरात नेतात, तेव्हा लांबलेली नळी दारात अडकू नये म्हणून ती एका हाताने गोळा करत चालतात. मग चहा, गोळ्या, अंग पुसणं, स्वयंपाक, कपडे, पुन्हा गोळ्या, पुन्हा वाफ. रविवारी जाळीतला स्पंज धुऊन वाळवायचा. नर्स ठेवा म्हटलं तर म्हणतात, "मला येतंय तोवर करतो." अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा चेहरा मी या दोन वर्षांत अठ्ठ्याहत्तरचा झालेला पाहिलाय. बुधवारी माझं दुकान बंद असतं, तेव्हा मी जातो. जाऊन काय करतो? बाजारातून सामान आणतो, त्यांच्यावर थोडं चिडतो आणि परत येतो.

दिवसातला एक तास तेवढा त्यांचा. चार ते पाच ताई झोपते. मशीनची घरघर बाहेर येऊ नये म्हणून भावजी खोलीचं दार ओढून घेतात, बाहेर रेकॉर्ड लावतात आणि खुर्चीत बसतात. बाकीचे तेवीस तास ते कुणाचे आहेत हे विचारायचीसुद्धा सोय नाही.

एका बुधवारी भावजी औषधं आणायला गेले होते. ताईने मला जवळ बोलावलं. ती एका दमात चार-पाच शब्दच बोलते, मग थांबते, त्यामुळे तिच्याशी बोलताना माझ्यासारख्या उतावळ्याची कसोटी लागते.

"तू ते खोके करतोस ना. गाण्याचे."

"ते भोळ्या लोकांसाठी असतात. तुझ्या नवऱ्याला नको."

"थट्टा नको. माझ्या या मशीनमुळे त्यांच्या गाण्यात आवाज येतो. टक टक. मशीन आलं त्या दिवशी म्हणाले होते."

"मग? परत काही म्हणाले का?"

"नाही. म्हणूनच सांगतेय. हे बोलत नाहीत याचा अर्थ त्रास होत नाही असा नाही." तिने दम घेतला. "दोन वर्षं या घरात सगळं माझंच चाललंय. पाणी माझं, औषध माझं, वीजसुद्धा माझीच. त्यांचा एक तास आहे. त्यातही मी टक टक करते. तो एक तास मला त्यांना नीट द्यायचाय रे."

खरं सांगायचं तर मला तेव्हा भावजींचाच राग आला. बायको धापा टाकतेय आणि या गृहस्थाने रेकॉर्डमधली टकटक तिच्या कानावर घातलीच कशी? पण ताईपुढे काय बोलणार. बाहेर जाऊन रेकॉर्ड लावून बघितली. टकटक होती. मशीनच्या आत एक झडप असते, ती दर आठ-दहा सेकंदांनी हवेची बाजू बदलते. सगळ्या घरात जुनी एकच तार फिरवलेली. झडप हलली की त्याच तारेवरून झटका अँप्लिफायरपर्यंत पोचायचा आणि व्हायोलिनच्या मधोमध स्पीकर बोट मोडल्यासारखा वाजायचा. म्हणजे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक मिळालं होतं, ज्याला खोक्याची खरोखर गरज होती.

मग मी हात राखला नाही. सगळी कामं बाजूला सारली. ट्रान्सफॉर्मर गरजेच्या चौपट मोठा घेतला, वेढ्यांच्या दोन थरांमध्ये तांब्याचा पत्रा घातला, झटका अडवायला जे जे माहीत होतं ते सगळं त्यात कोंबलं. खोका अँप्लिफायरपेक्षा वजनदार झाला, नाकापेक्षा मोती जड. समोर एक हिरवा दिवा लावला. मागचं 'थेट'चं बटण मात्र मुद्दाम ठेवलं नाही. घरच्या माणसासाठी केलेल्या कामाला पळवाट कशाला, असा माझा ताठा.

भावजींच्या वाढदिवसाला ताईने खोका दिला. त्यासाठी ती खास बाहेरच्या खोलीत येऊन बसली होती, केस नीट विंचरलेले, मांडीवर नळीचं वेटोळं. मी जोडणी केली. भावजींनी रेकॉर्ड लावली. आम्ही तिघं थांबलो. दहा सेकंद गेले, वीस गेले, मिनिट गेलं. व्हायोलिन एकटं वाजत होतं. आतल्या खोलीत मशीन घुमत होतं, झडप तिथे हलत असणारच, पण स्पीकरमध्ये काही म्हणजे काही नाही.

"वा!" भावजी म्हणाले. "अगं, काय स्वच्छ!"

ताईचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. मी माझ्याच कामावर इतका खूश झालो की घरी जाताना वाटेत दोन अनोळखी माणसांशी हसून बोललो.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले. बुधवारी चारच्या सुमाराला मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. व्हायोलिन ऐकू येईल असं वाटलं होतं, घरात चिडीचूप. खुर्ची रिकामी. रेकॉर्डच्या कपाटामागून दोन पाय बाहेर आलेले, एका मोज्याला अंगठ्याशी भोक.

"भावजी!"

"हळू!" कपाटामागून आवाज आला. "झोपलीय ती. आधी मला उठव, मग ओरड."

गुडघा धरला होता. त्यांना काखेत हात घालून उठवायला मला दोनदा जोर करावा लागला. उठले तेव्हा त्यांच्या हातात अँप्लिफायरची पिन होती. माझ्या खोक्यातून काढलेली. ती ते भिंतीतल्या प्लगमध्ये घालत होते.

"हे काय?"

"काही नाही रे."

"रोज काढता?"

ते पिनवरची धूळ पुसायला लागले. म्हणजे रोज. रोज चार वाजता हा माणूस त्या गुडघ्यांनी कपाटामागे रांगत होता, खोका काढून पिन भिंतीत घालत होता आणि संध्याकाळी ताईला बाहेर आणायच्या आधी पुन्हा रांगत जाऊन होतं तसं करत होता, कारण खोका आल्यापासून ताई रोज थोडा वेळ बाहेर येऊन बसायची आणि आली की आधी हिरव्या दिव्याकडे बघायची. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुजबुजत भांडणं फार कठीण असतं. मला तर घाम फुटला.

"माझ्या खोक्यात खोट काय आहे ते तरी सांगा. हवा तर फेकून देतो."

"खोट नाही. फार चांगला आहे." ते खुर्चीत बसले, गुडघा चोळत. "आवाज अगदी स्वच्छ येतो. त्यामुळे मला कळतच नाही."

"काय कळत नाही?"

त्यांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. "ती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी ते असेच खुर्चीत होते. रेकॉर्ड चालू. आणि एकाएकी ते दचकून उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नाही. टकटक आली नव्हती. धावत आत गेले तर मशीन बंद, मागची पिन तापून वितळलेली आणि ताईचे ओठ निळसर. त्यांनी कोपऱ्यातला छोटा सिलिंडर जोडला. दहा मिनिटांनी ताईने डोळे उघडले आणि विचारलं, चहा झाला का. तिला पत्ताच नव्हता. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

"मशीनला धोक्याची घंटा असते," मी म्हटलं.

"असते. त्या दिवशीही होती. आतला सेल मेला होता. आता नवा घातलाय, दर आठवड्याला तपासतो. पण तपासलं म्हणून मनाला खात्री पटते थोडीच?"

"मग दार उघडं ठेवा."

"उघडं ठेवलं की मी तिच्याकडेच बघत बसतो. छातीवरची चादर वर होते का, खाली होते का. तेच तर दिवसभर करतो. त्या टकटकीवर मी किती विसंबलो होतो हे मलाही ठाऊक नव्हतं. खोका बसला आणि पहिल्याच दिवशी दर पाच मिनिटांनी उठून आत डोकवायला लागलो. गाणं कानात शिरेना."

"तर मग ताईला सांगा ना सरळ."

"काय सांगू? तुझी भेट नको, तुझी टकटक हवी?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला आणि त्यांनीच तो आवरला. "दोन वर्षांत तिने पहिल्यांदा मला काहीतरी दिलंय. दिल्यापासून दोन घास जास्त खाते. ते मी काढून घेऊ तिच्याकडून?"

मला माझीच लाज वाटत होती. बायकोला बोल लावणारा माणूस म्हणून मी याच्यावर मनातल्या मनात महिनाभर दात धरला होता.

"यातून काही होतं का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे खोका राहायला हवा. दिवा लागायला हवा. फक्त..."

"फक्त काम करायला नको."

"हो," ते म्हणाले. "एवढं कर. मला आता खाली बसवत नाही रे."

मी खोका स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेला आणि उघडला. मागे बटण ठेवलं असतं तर एका बोटाचं काम होतं; माझा ताठा मला भोवला. ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी तार तोडली, तिच्या टोकाला पट्टी गुंडाळली आणि भिंतीकडून येणारी तार सरळ पुढे जोडली. दिव्याची तार तशीच ठेवली. आतलं सगळं जागच्या जागी राहू दिलं, वजनही तेवढंच. इतकं चांगलं केलेलं काम इतकं मन लावून मी कधी बिघडवलं नव्हतं.

खोका जागेवर गेला, हिरवा दिवा लागला. भावजींनी रेकॉर्ड पुसून लावली. व्हायोलिन सुरू झालं. आणि मग त्यात, अगदी नको त्या ठिकाणी: टक.

भावजींचे खांदे खाली आले. पुन्हा टक. त्यांनी मान मागे टेकली. मी समोर बसलो होतो, ताई बसायची तिथे. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते बघू म्हटलं. चार-पाच मिनिटांत त्यांचं तोंड किंचित उघडलं आणि ते घोरायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या तासाला हा माणूस गाणं ऐकत नव्हताच. दोन वर्षं तो या तासाला झोपत होता. कानाला दाराआड लावून देऊन, बाकीचा सगळा माणूस झोपत होता; आणि माझ्या खोक्याने त्याची तीन आठवड्यांची झोप खाल्ली होती. रेकॉर्ड संपली, सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. मी ती उचलली नाही. टकटक चालू होती तोवर बसून राहिलो, आणि उगाचच आकडे मोजत होतो.

पुढच्या बुधवारी गेलो तेव्हाही चार वाजून गेले होते. व्हायोलिन वाजत होतं, भावजी खुर्चीत गाढ झोपले होते. मी पाय न वाजवता आत गेलो, ताई जागी होईल या भीतीने दार बोटभरच उघडलं. ताईचे डोळे टक्क उघडे होते.

"ये," ती हळूच म्हणाली. "दार लाव."

"झोपली नाहीस?"

"हल्ली कधी झोपते मी? चार वाजले की डोळे मिटते. नाहीतर हे जागचे हलायचे नाहीत."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. मशीन घुमत होतं. त्यातली झडप हलली की एक बारीक सुस्कारा यायचा, तो इथे जवळून ऐकू येत होता. त्या घरघरीत बाहेरचं व्हायोलिन जेमतेम कळत होतं, टकटक तर नाहीच.

"मधे काय झालं होतं कुणास ठाऊक," ताई म्हणाली. "सारखे दार उघडून बघायचे. दर पाच मिनिटांनी. मी आपली डोळे मिटून पडलेली. एकदा तर खोकला दाबता दाबता जीव जायची वेळ आली." ती हसली आणि त्याचीच तिला धाप लागली. "वाटलं, खोका नाही आवडला. आता बघ. तासभर उठत नाहीत. लागू पडला ना?"

"पडला," मी म्हटलं.

"तू पाहिलंस? कसे ऐकतायत?"

"डोळे मिटून."

तिने समाधानाने मान हलवली. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हाताला आता वजन म्हणून उरलेलं नाही.

"एक करशील? मी गेल्यावर..."

"भलतंसलतं बोलू नकोस."

"ऐक रे. वाद घालायला दम नाही मला. मी गेल्यावर तो खोका परत नेऊ नकोस. मला तुझी सवय माहितीय. म्हणशील, आता मशीन नाही, कशाला हवा. आत्ता कुठे त्यांना स्वच्छ ऐकायला मिळतंय. ते तसंच राहू दे."

हे मशीन बंद होईल त्या दिवशी या घरातली वीज आपोआप स्वच्छ होणार होती. खोका असो वा नसो, एकही टक यायची नाही. आणि त्या खुर्चीत बसून भावजी काय करतील, त्यांना झोप कुठून येईल, हा विचार मनात आला आणि मला रडू आवरेना. तिला दिसू नये म्हणून मी उगाच वाकून मशीनची जाळी बघितली.

"नाही नेणार," मी म्हटलं.

"रडतोस काय, वेड्या. जा आता बाहेर," ताई म्हणाली आणि नळी सारखी करून तिने डोळे मिटले. "पाच वाजत आले. उठवायला येतील. मी झोपलेली दिसायला हवी."